कुठलं सिद्धार्थनगर?

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी एका सिद्धार्थनगरात वाढलो. कुठल्या, ते सांगत नाही. ठाण्याला कोपरीत सिद्धार्थनगर आहे, कल्याण पूर्वेला आहे. कल्याणलाच मिलिंदनगर आहे, ठाण्यात वर्तकनगरच्या अंगाला भीमनगर आहे. रिक्षावाला विचारतो, कुठलं? पोस्टमन विचारतो, कुठलं? शाळेतले गुरुजी मात्र विचारत नव्हते. वस्तीचं नाव ऐकलं की त्यांना सगळं कळायचं. आडनाव सांगायची गरजच पडायची नाही.

ही नावं आली कुठून? गावाकडं आपल्या वस्तीला नाव गावानं ठेवलं होतं : महारवाडा. १९५६ ला धम्म घेतला. पोटासाठी शहरात आलो, मिळेल त्या जागेवर झोपड्या टाकल्या, आणि वस्तीचं नाव पहिल्यांदा आपण ठेवलं. नावं कुठली? बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. ज्या बापाला सही येत नव्हती, त्याच्या झोपडीवरच्या पाटीत आणि कॉलेजच्या पाटीत एकच नाव होतं. ही गोष्ट साधी नाही.

आता माझं ऐका. पहिल्या नोकरीच्या अर्जावर मी पत्ता लिहिला तो शेजारच्या कॉम्प्लेक्सचा. नोकरी लागली. घरी पेढे आणले. आईनं विचारलं, कागद कुठल्या पत्त्यावर येणार? मी गप्प. ती पण गप्प. पेढा तिनं खाल्ला नाही.

२०२० च्या डिसेंबरात सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगलं झालं. पण आम्ही तर ती नावं कधीच घेतली होती, तरी गुरुजींना जात कळलीच की! पाटी बदलली, बघणारा डोळा तोच. म्हणून कुणी म्हणेल, नावच नको. आता एसआरए, क्लस्टरच्या गोष्टी चालल्यात. बिल्डरच्या नकाशात टॉवर दिसतात, हाइट्स दिसतात; सिद्धार्थ दिसत नाही. आपलीच पोरं म्हणतात, बरं झालं, लग्न जुळतील.

पण नुसतं नाव टिकूनही भागत नाही. डोंबिवली घ्या. डोंबांच्या वस्तीवरून हे नाव पडलं, असं सांगतात. २०१७ ला तिथं नव्वदावं साहित्य संमेलन भरलं. शहराला सांस्कृतिक नगरी म्हणतात. त्यात डोंब कुठं आहेत? नाव राहिलं, माणसं पुसली गेली. आपलंही तसंच होऊ शकतं. चौकाला सिद्धार्थ, आणि आपण शहराबाहेर.

तेव्हा दोन्ही मागायचं. घर इथंच पाहिजे, आणि इमारतीवर नावही हेच पाहिजे. सह्या करण्याआधी कागद वाचायचा, किती फूट, कुणाच्या नावावर, कधी, हे विचारायचं. मिलिंद कोण होता? नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा राजा. ते नाव लावतो तर तोंड उघडलं पाहिजे.

आणि कुणी विचारलं, कुठं राहतोस, तर पूर्ण पत्ता सांगायचा. मी आता सांगतो. आई ऐकायला राहिली नाही.

जय भीम.