पडद्यापलीकडची आजी



करोनाच्या काळातला ‘म्यूट’ हा शब्द तुमच्याही कानांत असेल. इंग्रजीचा ऑनलाइन तास सुरू झाला, की पहिली सूचना : ‘आपापला माईक बंद करा.’ चाळीस मुलांचा गलबला टाळायला ते भागच होतं. पण जी भाषा बोलायला शिकायची, तिच्याच तासाला मुलाचं तोंड बंद, ही गोष्ट मला फार लागली. म्हणून आज मी माईक उघडा ठेवणाऱ्या एका उपक्रमाविषयी बोलणार आहे.

१९९९ साली दिल्लीत कालकाजीच्या वस्तीलगत मुलं आपली आपण काय शिकतात हे पाहायला भिंतीत संगणक बसवणारे डॉ. सुगत मित्रा आपल्याला ठाऊक असतील. पुढे तमिळनाडूतल्या कलिकुप्पम गावी त्यांच्या लक्षात आलं, की विषय न जाणणारी, पण मागे उभी राहून कौतुकानं ‘हे कसं केलंस?’ विचारणारी एक व्यक्ती असली, तरी मुलं पुढे सरकतात. आजी नातवंडांना विचारते ना, तसं. २००९मध्ये त्यांनी ‘गार्डियन’ या वृत्तपत्रातून ब्रिटनमधल्या आज्यांना साद घातली : आठवड्यातला एक तास इंटरनेटवरून भारतातल्या मुलांना द्या. त्यातून ‘ग्रॅनी क्लाउड’ उभं राहिलं. त्याची घडी बसवण्यात पुण्याच्या डॉ. सुनीता कुलकर्णी यांचा मोठा वाटा. मित्रा यांना मिळालेल्या २०१३च्या टेड पारितोषिकाच्या दहा लाख डॉलरांतून सात शिक्षणकेंद्रं निघाली, त्यांतलं एक आपल्या फलटणचं.

या तासाला धडा नसतो. गोष्टी, गाणी, कॅमेऱ्यासमोर धरलेली चित्रं आणि गप्पा. समोरच्या आजीला मराठी येत नाही, आणि नेमकं तेच कामी येतं. समजा, मुलीला पुरणपोळी समजावून सांगायची आहे. ती म्हणेल, ‘इनसाइड स्वीट, आउटसाइड रोटी.’ आजीला कळतं. ती ‘स्वीट फिलिंग?’ असं विचारते आणि हवा असलेला शब्द मुलीच्या ओंजळीत पडतो. तो ती विसरत नाही, कारण तिला त्याची गरज होती. शिवाय त्या घडीला जाणकार ती आहे, शिकणारी आजी आहे.

आपल्या मराठी शाळांत २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलं स्पेलिंग लिहितात, कविता म्हणतात. बोलायला मात्र कुणी नसतं. उणीव बुद्धीची नाही, श्रोत्याची आहे.

पडद्यानं सगळं साधत नाही, हेही सांगतो. वीज जाते, आवाज तुटतो, बुजरं मूल मागच्या रांगेत सरकतं. त्याला हाताला धरून पुढे आणणारी गावातली शिक्षिका तिथे हवीच.

या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत. अनेकांची मुलं परदेशी आहेत, म्हणजे पडद्यावरून बोलणं तुम्हाला नवं नाही. तुम्ही आठवड्यातला एक तास एखाद्या जिल्हा परिषद शाळेला द्या. शिकवायला जाऊ नका. ‘आज काय केलंस?’ एवढं इंग्रजीत विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या थांबण्यातच मूल आपला पहिला शब्द शोधत असतं.