मूत्रपिंडाची दारे

रात्री उसाला दारे धरण्याचे काम आपल्यापैकी पुष्कळांनी केले असेल. पाटाला पाणी एका जोराने कधीच येत नाही. वाढले की दारावर खोऱ्याने माती ओढायची, ओसरले की दार मोकळे करायचे. वाफा फुटता कामा नये नि कोरडाही राहता कामा नये. आपल्या पाठीशी, शेवटच्या बरगड्यांच्या आसऱ्याने जी दोन मूत्रपिंडे आहेत, त्यांत हेच काम अहोरात्र चालते.

हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिकडे जातो. एकेका पिंडात सुमारे १० लाख गाळण्या. दिवसाकाठी त्यांतून १८० लिटर पाणी गळते आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचे शरीर परत घेते. समजा, गाळणे दहावा हिस्सा वाढले आणि परत घेणे तेवढेच राहिले, तर १८ लिटर पाणी फुकट जाईल! माणूस उभा राहायचा नाही.

पण तसे होत नाही. पोते उचलताना रक्ताचा दाब चढतो, झोपेत उतरतो; तरी सरासरी दाब पाऱ्याच्या ८० ते १८० मिलिमीटरपर्यंत असला, तर गाळणीतला प्रवाह फारसा हलत नाही. गाळणीत रक्त आणणारी बारीक रोहिणी ताणली गेली की तिचे स्नायू आपोआप आवळतात. शिवाय गाळलेले पाणी नेणारी नळी वळसा घेऊन आपल्याच गाळणीपाशी परत येते. तिथल्या पेशी पाण्यातले मीठ जणू चाखून पाहतात. मीठ जास्त आले, म्हणजे गाळणे जास्त झाले. लगेच रोहिणीला आवळण्याचा निरोप जातो. मेंदूला विचारावे लागत नाही. दुसऱ्याच्या शरीरात बसविलेल्या मूत्रपिंडाच्या नसा तोडलेल्या असतात, तरी ते हे सांभाळते.

मात्र उन्हात दिवसभर घाम गळाला किंवा जुलाब झाले, की पाटच आटतो. मग येणारे दार उघडे धरायला शरीर एक द्रव्य तयार करते आणि जाणारे दार आवळून गाळणीतला दाब टिकवते. अशा वेळी अंग दुखते म्हणून आपण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी गोळी घेतो. ती गोळी नेमके तेच द्रव्य बंद पाडते. गोळीला मी नावे ठेवीत नाही, वेळ चुकते. म्हातारी माणसे, मधुमेहाचे नि रक्तदाबाचे रोगी यांना धोका अधिक.

तेव्हा अशा दिवशी आधी मीठ-साखरेचे पाणी प्यावे, गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. लघवी अगदी कमी किंवा गडद होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.