प्रमाणपत्रानंतरचे तीन महिने

(सहाय्यकांच्या मेळाव्यात, सकाळच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



मला आयोजकांनी सांगितले होते की आदिवासी मुलांच्या शिक्षणाविषयी बोला. त्यातल्या एकाच तुकड्याविषयी मी बोलणार आहे. नंदुरबार जिल्ह्यातला मुलगा आयटीआय पास होतो आणि नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात लागतो. या दोन गोष्टींच्या मध्ये साधारण तीन महिने असतात. आपली बरीचशी मुले त्या तीन महिन्यांत हरवतात, आणि अनेक वर्षे आमच्या ते लक्षातही आले नाही.

लक्षात न येण्याचे कारण सरळ आहे. आम्ही प्रमाणपत्रे मोजत होतो. याच अंकांत फोटो छापून येत. फिटर इतके, वेल्डर इतके, इलेक्ट्रिशियन इतके. तुम्ही आनंदाने अर्पण पाठवीत होता. एका वर्षी उन्हाळ्यात मी अक्कलकुव्याच्या बाजूला गेलो असताना एसटी स्टँडवर आमच्याच वसतिगृहातला एक मुलगा भेटला. फिटरची दोन वर्षे पूर्ण केलेला, हात अतिशय चांगला. विचारले, "कुठे असतोस?" म्हणाला, "सर, बारडोलीकडे ऊसतोडीला होतो. मुकादमाची उचल घेतली होती." कारखान्यात लागला होता, पण एकोणिसाव्या दिवशी घरी परतला होता. आम्हाला कोणी कळवले नाही, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

का परतला? मला वाटले होते, काम जड गेले असेल. तसे काही नव्हते. आयटीआयमध्ये फिटरचा मुलगा सुरुवातीचे कित्येक आठवडे व्हाइससमोर उभा राहून कानस मारतो. लोखंडी पट्टी गुण्याला लावून उजेडाकडे धरायची, फट दिसली की पुन्हा घासायचे. नंतर व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचायचा. डोंगरउतारावर शेती केलेल्या पोराला मेहनतीचे आणि चिकाटीचे काय ते नवल? तो परतला खोलीमुळे. घरमालकाने डिपॉझिट मागितले. विद्यावेतन महिना भरल्यावर मिळणार. हातात होते ते पैसे खानावळीत संपले. भर म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचे आणि आधारवरचे आडनावाचे स्पेलिंग जुळत नव्हते, म्हणून बँक खाते अडले. त्यात एके दिवशी ऑपरेटरने हिंदीत "चाबी ला" म्हटले आणि हा कुलपाची किल्ली शोधत स्टोअरपर्यंत गेला. त्याला स्पॅनर माहीत होता, पाना माहीत होता. चाबी म्हणजेही पाना, हे कोणी सांगितले नव्हते. सगळी लाईन हसली. घरी पावरी, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी, आणि संध्याकाळी खोलीवर बोलायला कोणी नाही. रविवारी पहाटे त्याने नंदुरबारची गाडी धरली.

सरकारची योजना नाही असे नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, स्वतः उचलते. म्हणजे कारखान्याला मुलगा हवा आहे, आयटीआयला त्याला पाठवायचे आहे, मुलाला जायचे आहे. तिघेही तयार. मग गाडी अडते कुठे? डिपॉझिट, स्पेलिंग, गॅसची शेगडी, आणि रात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा, इथे. याला कोणत्याही योजनेत रकाना नाही.

त्या वेळी आमच्या समितीत एक सूचना आली की आपणच वर्कशॉप काढू. चार लेथ घेऊ, ऑर्डरी आणू, मुले आपल्याच छताखाली राहतील. सूचना प्रेमाची होती आणि तिला इतिहासही आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. आपल्या कोकणातल्या किती घरांवर आणि देवळांवर मंगलोरी कौले आहेत ते पाहा. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने औद्योगिक शाळा चालवली, आणि चर्चिल नावाचे त्यांचे अभियंता मिशनरी हातमाग सुधारण्यासाठी झटले. धर्मांतरामुळे घर, जमीन आणि धंदा तुटलेल्या माणसांना त्या कारखान्यांनी जगवले, हे कमी नाही. पण पहिल्या महायुद्धात बासेल मिशनची मालमत्ता इंग्रज सरकारने ताब्यात घेतली आणि मिशनच्या भरवशावर असलेल्या कामगारांचा धनी एका फटक्यात बदलला. माणसाचा पगार, घर आणि प्रार्थनामंदिर एकाच हातात असले की तो हात गेल्यावर काय उरते? म्हणून मी वर्कशॉपच्या विरोधात मत दिले. काही ज्येष्ठांना ते आवडले नाही, अजूनही नसेल. ते इथे बसले आहेत, त्यांना मी नमस्कार करतो.

आम्ही त्याऐवजी लहान काम पत्करले. जिल्ह्यातल्या आयटीआयच्या निदेशकांशी बसून शेवटच्या वर्षातच प्रत्येक मुलाचे कागद तपासतो. आधार, दाखला, बँक खाते, जातीचे प्रमाणपत्र, सगळ्यांवर एकच नाव. नाशिकमध्ये मंडळीतल्या दोन कुटुंबांनी खोल्या दिल्या, डिपॉझिट न घेता. मंडळीतच कारखान्यातून निवृत्त झालेले एक सुपरवायझर आहेत. ते मुलांना जाण्याआधी दोन दिवस फक्त बोली शिकवतात: चाबी, पाना, रिजेक्ट, रिवर्क, गेटपास, सेकंड शिफ्ट. आणि "कळले नाही, पुन्हा सांगा" हे न लाजता कसे म्हणायचे ते. माझ्या मते सगळ्या कामात हेच दोन दिवस सर्वांत मोलाचे आहेत, आणि त्यांचा खर्च चहापुरता.

एक अडचण मात्र आम्हाला तिसऱ्या वर्षी कळली, ती म्हणजे होळी. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सण. आधी भोंगऱ्याचा बाजार, मग गावोगाव होळ्या. ऊसतोडीला गेलेली माणसेसुद्धा त्यासाठी परततात. आणि कारखान्यात नेमके तेव्हा मार्च एंड असते. मुलगा न सांगता आठ दिवस जातो, परत येतो तेव्हा गेटवर कार्ड बंद. आपल्यातल्या काहींना वाटेल की मिशनने होळीच्या रजेसाठी शब्द का टाकावा. मी एवढेच म्हणेन की त्या दिवसांत त्याची आई, भाऊ, सासरी गेलेली बहीण वर्षातून एकदा एका अंगणात असतात. आमचे ते निवृत्त सुपरवायझर एका कारखान्याच्या एचआर मॅनेजरांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही गणपतीला कोकणातल्या माणसाला सोडता ना?" साहेब हसले. आता जानेवारीतच रजेचा अर्ज भरून घेतात, चार दिवस मिळतात, आणि त्या बदल्यात मुले दिवाळीच्या आधी जादा थांबतात.

मुलींचे काम अजून कच्चे आहे, ते लपवणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीला मुलींची मागणी आहे. मागच्या पावसाळ्यात मोलगीजवळच्या पाड्यावर एका आईने मला विचारले, "माझी पोर रात्री कामावरून आली तर दार कोण उघडेल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने पोरीला पाठवले नाही, आणि मी आग्रह केला नाही.

तो एसटी स्टँडवर भेटलेला मुलगा पुन्हा आला, हे तुम्हाला ऐकायचे असेल. आला. दोन वर्षांनी, स्वतःहून. वय थोडे वाढले होते, हात थोडा बसला होता. आज तो सातपूरला सीएनसी मशीनवर आहे आणि पहिल्या रविवारी नवीन मुलांना स्टेशनवर घ्यायला तोच जातो. ऊसतोडीची उचल मात्र त्याला पगारातून वर्षभर फेडावी लागली.

आयटीआयची परीक्षा झाली की पुढची तुकडी निघेल. खोल्या दोनच आहेत, आणि दोन्ही भरलेल्या आहेत. सिडको, अंबड, सातपूर या भागात ज्यांची वरची खोली रिकामी असेल त्यांनी माझ्याशी बोलावे. भाडेकराराचे कागद आणि पोलीस पडताळणी आम्ही करून देतो. मुले स्वयंपाक स्वतः करतात. भाकरी थापतानाचा आवाज पहाटे पाचला येईल, एवढे आधीच सांगून ठेवतो. आणि एखाद्या भगिनीला मोलगीच्या त्या आईला उत्तर द्यायचे असेल, तर बाहेर चहाच्या टेबलाजवळ माझी वही आहे, तिच्यात नाव लिहावे.