एक नाव, किती भाषा?

ओलायातल्या आमच्यासारख्या आयटीवाल्यांच्या कामात प्रत्येक भाषेला दोन-तीन अक्षरांचा कोड असतो. मराठीचा ‘एमआर’. सर्बो-क्रोएशियनचा ‘एसएच’ होता, तो २००० साली मोडीत काढला. १९५४ च्या नोव्ही साद करारात सर्ब आणि क्रोएट लेखकांनी भाषा एकच, नाव जोडनाव, असं ठरवलं होतं. देश फुटला तसं नावही फुटलं. आता सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन असे वेगळे कोड आहेत. पाव सर्बियनमध्ये ‘ह्लेब’, क्रोएशियनमध्ये ‘क्रूह’. पण गप्पा मारायला दुभाषा लागत नाही. बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावर तोच इशारा तीनदा छापतात, त्याची तर थट्टाच होते.

आपल्याकडे याच्या जवळचं प्रकरण म्हणजे मराठी आणि कोंकणी. रियाधमध्ये आपल्या कार्यक्रमांना गोव्याची, मंगळूरची मंडळी येतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, “कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?” समोरच्याचा चेहरा बघा. या वादात गोव्यात १९८६ च्या आंदोलनात माणसांचे जीव गेलेत. १९७५ मध्ये साहित्य अकादमीनं कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली (मराठीलाही सरकारी वापराची मुभा राहिली), १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली.

माझ्या मते आपली गोष्ट बेलग्रेड-झाग्रेबपेक्षा वेगळी आहे. पुण्याच्या माणसाला ‘म्हाका जाय’ म्हणजे ‘मला हवंय’ हे सांगावं लागतं. ‘कितें?’ विचारलं तर तो आकडा सांगेल; त्याचा अर्थ ‘काय?’ तिकडे भाषा जवळजवळ एक आणि नावं अनेक. इकडे नावाचा घोळ उलटा आहे. रत्नागिरीचा माणूस स्वतःला ‘कोकणी’ म्हणतो आणि शाळेत मराठी शिकतो. मडगावचा ‘कोंकणी’ म्हणतो तेव्हा त्याला भाषा अभिप्रेत असते. कोडवाल्यांनाही हे पेललं नाही. ‘केओके’ या छत्राखाली त्यांनी गोव्याची कोंकणी आणि नुसती कोंकणी असे दोन कोड ठेवलेत. शिवाय देवनागरी, रोमी, कन्नड अशा लिप्या, त्यावरून गोव्यात अजून भांडण आहेच.

मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर ‘मातृभाषा’ असा एकच रकाना असतो. आई पेडण्याची आणि वडील सावंतवाडीचे असतील, तर तिथे काय लिहायचं हे त्या दोघांनाच ठरवू द्या.