गॉसमीटरचा आकडा



हातात मावणारे गॉसमीटर हल्ली सहज विकत मिळते. ज्या घरात कोणाच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे, तेथे मोबाइलची, स्पीकरची धास्ती असते, आणि ती अगदीच निराधार नाही. सुमारे १० गॉसहून प्रबळ क्षेत्र छातीपाशी आले, तर पेसमेकर ठरीव गतीने चालू लागण्याचा संभव असतो. झटका देऊन हृदय सावरणारे जे यंत्र असते, त्याचे काम तेवढ्यापुरते थांबू शकते. तेव्हा घरातल्या वस्तू मोजून पाहाव्यात असे कोणास वाटले, तर त्यात नवल नाही. मात्र आकडा दिसला म्हणजे मोजणी झाली, असे नव्हे.

या मीटरच्या टोकाशी एक चिमुकली पट्टी असते. तिच्यातून वीज वाहत असताना चुंबकक्षेत्र तिला भेदून गेले, की विद्युत्कण एका कडेस रेटले जातात आणि दोन कडांमध्ये किंचित विद्युद्दाब उत्पन्न होतो. एडविन हॉल यांनी १८७९ साली सोन्याच्या वर्खावर हे दाखविले. मेख अशी, की पट्टीला काटकोनात येणारे क्षेत्रच ती जाणते. ती ६० अंशांनी कलली की आकडा निम्मा, आणि पुरती ९० अंश वळली की शून्य! म्हणून टोक सावकाश फिरवीत मोठ्यात मोठा आकडा शोधावा.

मग वस्तू दूर नेऊन पुन्हा पाहावे. चुंबक नसतानाही पृथ्वीचे क्षेत्र असतेच; आपल्याकडे ते ०.४ गॉसच्या आसपास भरते. ते वजा करावे. भोवतालचा हा उपद्रव साधा समजू नका. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागेस न्यावे लागले, आणि १९०४ साली तेथे बिनलोखंडाच्या इमारतीत मोजणी सुरू झाली. आपल्या टेबलाचे लोखंडी पाय कोणाच्या ध्यानात येतात?

मिक्सरची गोष्ट निराळी. त्याचे क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. मीटर स्थिर चुंबकासाठी लावलेले असेल, तर ते जवळजवळ शून्य दाखवील. तो शून्य पाहून निर्धास्त होणारी मंडळी आम्हांला भेटतात.

अंतर तर आकड्यासोबत लिहिलेच पाहिजे. चुंबकाच्या आकाराच्या मानाने पुरेसे दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले, की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येते. स्पीकरला टेकवून शेकडो गॉस दाखविणारे मीटर वीतभर मागे घेतल्यावर कसे गप्प होते, ते पाहण्याजोगे आहे. मोबाइल पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवा, म्हणजे वरच्या खिशात नको, असा सल्ला देतात तो यामुळेच. आपल्या मीटरने कमी आकडा दाखविला म्हणून हे अंतर मोडू नये. छातीत कोणते यंत्र आहे, ते डॉक्टरांस ठाऊक असते, मीटरला नव्हे.

येथे लाकडी टेबलावर एक जुना स्पीकर, फुटपट्टी आणि मीटर मांडले आहे. आता ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे; पेसमेकर असलेल्यांनी मात्र बसल्या जागेवरूनच पाहावे, आकडे आम्ही मोठ्याने वाचू.