मातीतले बिनपगारी कामगार
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



युरियाचं पोतं आपण विकत घेतो. पण त्यातलं नत्र पिकाच्या तोंडी कोण घालतं? त्याचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव सर्गेई विनोग्राडस्की. जन्म १८५६, कीव्ह.

१८९०च्या सुमारास झुरिचमध्ये त्यांनी दाखवलं, की मातीतले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. आपली ज्वारी-कपाशी मुख्यतः हेच नायट्रेट पिते. पुढे सेंट पीटर्सबर्गला त्यांनी हवेतलं नत्र धरणारा मातीतला जिवाणू वेगळा काढला. मग संशोधन सोडून हा माणूस युक्रेनात जमीन सांभाळत बसला. रशियात क्रांती झाली, देश सुटला. १९२२ साली, पासष्टी गाठल्यावर, पॅरिसच्या पाश्चर संस्थेनं त्यांना बोलावलं. त्यांनी पुन्हा माती हाती घेतली. आग्रह एकच : जिवाणू बाटलीत नव्हे, मातीत पाहा. १९४९ साली ग्रंथ निघाला तेव्हा नव्वदी उलटली होती.

आता आपला हिशेब. नायट्रेट करणाऱ्या टोळीला ओल आणि हवा लागते; हवेतलं नत्र धरणाऱ्यांना काडीकचऱ्याचं अन्न लागतं. कोरड्या रानात वर फेकलेला युरिया हलक्या शिंतोड्यानं अमोनिया होऊन उडतो. पैसा तुमचा, फायदा वाऱ्याचा! म्हणून वाफसा पाहून खत द्या, मातीआड करा. पऱ्हाट्या जाळू नका, बारीक करून कुजवा.

खताचं पोतं महागलं तर मोर्चा काढता येतो. मातीतला कामगार उपाशी मेला, तर मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा?