नोकरीला जाताना काय नेसू?



लेक किंवा सून नोकरीला लागली की घरात पेढे येतात, आणि त्याच रात्री प्रश्न उभा राहतो, घालायचं काय? पतसंस्थेत बसायचं असो, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर असो की दवाखान्यात केसपेपर काढायला, घरातले कपडे तिथं शोभणार नाहीत असं वाटतं. मग गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते. कारण लिहितात घरखर्च, पण कशाला हवेत ते सगळ्यांना ठाऊक असतं. समजा ८,००० रुपये घेतले, महिना २ टक्के धरा, म्हणजे महिन्याला १६० रुपये व्याज झालं. आणि पगार तर महिना भरल्यावर.

मी शिवणकाम करते. नवे कपडे शिवणं हा माझा धंदा, तरी सांगते, पहिला पगार हाती येईपर्यंत नवं काही घेऊ नका. चार जोड असले की आठवडा निघतो, आणि ते चार जोड जुन्यातून होतात.

आधी घरातली पेटी उघडा. आजीचं, सासूबाईंचं नऊवारी असेल तर ते आठ मीटरच्या वर असतं. पदराच्या बाजूने साडेपाच मीटर सहावारीला ठेवलं तरी आतल्या टोकाचं अडीच मीटर कापड उरतं, त्यात एक कुर्ता बसतो. हे आतलं टोक नेसल्यावर कमरेत खोचलेलं असतं, त्यामुळे त्याचा रंगही कमी उडालेला असतो. मात्र सासूबाईंना विचारल्याशिवाय कात्री लावू नका हो. एखादीच्या त्या साडीत लग्न असतं, बाळंतपण असतं. त्या नको म्हणाल्या तर साडी तशीच नेसा, इरकल ऑफिसात छान दिसते.

पेटीत काही नसेल तर आठवडे बाजार आहे. तिथं जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. शहरातली बोहारीण भांड्यांवर जे कपडे घेते, ते धुऊन, रफू करून, इस्त्री करून पुन्हा विकले जातात, त्यातला बराच माल चांगला असतो. शहरात लोक कपडा विटायच्या आधीच कंटाळतात, आपल्याला ते बरंच आहे.

आता मनातलं बोलते. "दुसऱ्याचं उतरलेलं घालायचं?" असं पुष्कळ जणी म्हणतात. त्यांना मी हसत नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांना मालकाच्या वाड्यावरून उतरलेले कपडे मिळायचे, आणि ते घेताना मान खाली घालावी लागायची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायांशी बोलले, तेव्हा साडी कशी नेसावी, अंगावर कसले दागिने नसावेत, हेसुद्धा बोलले. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यामुळे ज्या बाईला ही गोष्ट टोचते तिचं टोचणं खरं आहे. पण बाजारात आपण पैसे मोजतो, भाव करतो, नापसंत पडलं तर ढिगात परत टाकतो. तिथं कुणाचे उपकार नसतात. आणि तरीही मन घेत नसेल तर घरचंच वापरा, जबरदस्ती नाही.

घेताना कपडा उलटा करून बघा. पहिली बगल बघा. तिथं घामाने पिवळं पडलं असेल तर डाग सहसा जात नाही, आणि कापडही आतून विरलेलं असतं. मग उजेडाकडे धरा, विरलेली जागा जाळीसारखी दिसते. साडीचा खालचा काठ टाचेपाशी झिजतो, तो तपासा. रेशमी असेल तर घडीवर हात फिरवा. रेशीम घडीवर चिरतं, अशी साडी नेसायला घेऊ नका, ब्लाउजपुरती घ्या. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा चोळला की रंग जातो का ते तिथंच कळतं. हळदीच्या डागाला घाबरू नका, धुऊन उन्हात टाकला की फिका होत जातो.

मापात खांदा सगळ्यात महत्त्वाचा. बाजू आत घेता येतात, उंची कमी करता येते, पण खांदा उतरलेला असेल तर बाह्या उसवून पुन्हा बसवाव्या लागतात, त्यात मजुरी जाते. घट्ट असेल तर आतली माया बघा. दोन्ही बाजूंना इंच-इंच माया असेल तर घेर दोन-तीन इंच सुटतो. पण रंग उडालेला असेल तर सोडलेली पट्टी गडद दिसते, छापील कापडात ते लपतं. बटणं सगळी बदला. थोड्या रुपयांत जुना कुर्ता वेगळा दिसायला लागतो.

घरी आणल्यावर सुती कपडा गरम पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळवा. रेशमी साडी रिठ्याच्या पाण्यात, सावलीत. पेटीतल्या डांबरगोळीचा वास असेल तर दोन-चार दिवस वाऱ्यावर टांगून ठेवा, अत्तर मारून झाकू नका, दोन्ही वास मिळून डोकं उठतं. सुती साडीला पातळ खळ द्या, भाताची पेज चालते. इस्त्री नसेल तर तांब्यात निखारे घालून आपल्या आया करायच्याच की. फक्त टेरिकॉट, पॉलिस्टरवर असलं काही फिरवू नका, आकसतं.

रंग निवडताना एक काळी आणि एक पांढरी सलवार धरून चाला, म्हणजे चारही कुर्ते त्यावर जातात. मुलींना हे आवडत नाही. म्हणतात, सगळे ओळखतील. ओळखू देत. साहेबही तीनच पँटी फिरवून घालतात, त्यांना कोण विचारतं?

आतले कपडे आणि चपला मात्र जुन्या घेऊ नका. दुसऱ्याच्या पायाची चप्पल त्याच्या चालीने झिजलेली असते, आणि एसटी स्टँडपासून ऑफिसपर्यंत रोज चालायचं असतं. हातात थोडे पैसे असतील तर ते चपलेला घाला.